शेवटच्या तासानंतर

१८५२ साली जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूंनी डब्लिनमध्ये विद्यापीठ या विषयावर व्याख्यानं दिली. आयर्लंडमधल्या कॅथलिकांसाठी नवं विद्यापीठ काढायचं चाललं होतं आणि ते कसं असावं याचा विचार मांडण्याची जबाबदारी न्यूमन यांच्यावर आली होती. त्या मालेसाठी लिहिलेल्या एका व्याख्यानात ते दोन विद्यापीठं समोर ठेवतात. पहिल्यात राहायची सोय नाही, मुलांकडे लक्ष देणारा शिक्षक नाही. पण ठरलेल्या विषयांची परीक्षा जो उत्तीर्ण होईल त्याला पदवी मिळते. दुसऱ्यात प्राध्यापक नाहीत आणि परीक्षाही नाहीत. काही तरुण तीन-चार वर्षं एकत्र राहतात आणि मग आपापल्या वाटेनं जातात. यातलं कोणतं विद्यापीठ माणसाची बुद्धी अधिक घडवेल? न्यूमन यांचा कौल दुसऱ्याला आहे, आणि तो देताना त्यांना जराही संकोच वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. वर्षभरानं, १ मे १८५४ला, ती कल्याणपर्यंत पोचली. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. लंडन विद्यापीठाचं तेव्हाचं काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं एवढंच होतं. शिकवायचं ते संलग्न कॉलेजांनी. म्हणजे न्यूमन यांनी जे विद्यापीठ नाकारलं त्याच्या जवळचं रूप आपल्या वाट्याला आलं, आणि त्या विद्यापीठाकडे रोज नेऊन परत आणणारी गाडीही जवळपास त्याच सुमाराला आली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलांचं पदवीपर्यंतचं आयुष्य या दोन गोष्टींनी आखून दिलं. या पट्ट्यात राहून, शिकून, पुढे शिकवून मला जे वाटत आलं आहे ते या चौकटीशिवाय सांगता येत नाही.

ही मुलं ज्या कॉलेजांकडे आशेनं पाहत आली त्यांत धोबीतलावचं सेंट झेवियर्स फार वरचं. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघानं १८६९मध्ये ते सुरू केलं. ते विद्यापीठ नाही. २०१० साली स्वायत्तता मिळाल्यावर अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हाती आल्या, तरी पदवी मुंबई विद्यापीठाचीच राहिली. पण कॅथलिक परंपरेतलं एखादं लहान विद्यापीठ आतून कसं असतं हे मराठी माणसाला जवळून पाहायचं असेल, तर ते इथेच पाहता येतं.

कॅथलिक परंपरा म्हटलं की आपल्याला गोवा किंवा वांद्रे आठवतं. आपल्या गावांची आठवण होत नाही. वास्तविक सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापारी प्रवाशानं ‘कल्लियाना’ इथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ती मंडळी पूर्वेकडच्या चर्चची, रोमची नव्हेत. रोमशी नातं सांगणारे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला आले ते १३२१मध्ये, आणि धर्मावरच्या वादातून इथेच मारले गेले. काही काळानं ओडोरिक हा इटालियन प्रवासी ठाण्याला आला, त्यानं त्यांच्या अस्थी घेतल्या आणि थेट चीनमधल्या बंदरापर्यंत नेल्या. सोळाव्या शतकात वसईला जेझुइटांचं कॉलेज उभं राहिलं. त्याचे अवशेष किल्ल्यात आजही आहेत. पोर्तुगीज अमलात त्या विद्येसोबत सक्तीही आली, देवळं पडली, आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ते सारं पर्व संपलं. हे सगळं लक्षात ठेवूनच पुढचं बोललं पाहिजे. ज्या संघानं वसईत ते कॉलेज चालवलं त्याच संघाचे लोक पुढे इंग्रजी राज्यात मुंबईला कॉलेज काढतात आणि तिथे ब्राह्मण, पारशी, प्रभू, मुसलमान मुलं धर्म न बदलता शिकून बाहेर पडतात, या बदलामागे त्या संघानं स्वतःशी केलेला मोठा विचार असणार.

हा विचार त्या कॉलेजच्या कामात दिसतो. १९०६ साली एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटानं तिथे वनस्पतिसंग्रह सुरू केला. पश्चिम भारतातल्या झाडापाल्याचे वाळवलेले, चिकटवलेले, नाव-ठिकाण-तारीख लिहिलेले नमुने त्यात साठत गेले, आणि आजही संशोधक त्यासाठी तिथे येतात. पहिल्या महायुद्धात तिथल्या जर्मन जेझुइटांना इंग्रज सरकारनं शिकवू दिलं नाही. पुढे त्यांच्या जागी स्पॅनिश फादर आले. त्यांपैकी हर्मेनेगिल्ड सांतापाव सातत्यानं खंडाळ्याला जात राहिले. आपल्या कल्याणवरून कर्जत मागे टाकत घाट चढणाऱ्या गाडीनं जाऊन त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो सह्याद्रीच्या अभ्यासकाला अजूनही हाताशी लागतो. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. १९२२मध्ये हेन्री हेरास आले, तेही स्पेनचेच. त्यांनी भारताचा इतिहास हे आपलं आयुष्याचं काम मानलं, १९२६मध्ये कॉलेजातच इतिहास संशोधन संस्था काढली, विजयनगरवर लिहिलं, सिंधू लिपीच्या मागे अखेरपर्यंत लागले. सिंधू लिपीचं त्यांनी केलेलं वाचन विद्वानांनी स्वीकारलं नाही. त्यांनी जमवलेला संग्रह आणि घडवलेले विद्यार्थी मात्र टिकले.

त्या विद्यार्थ्यांच्या पंक्तीत आपल्या दुर्गा भागवत आहेत. त्या झेवियर्सच्या विद्यार्थिनी. प्राचीन बौद्ध विनयातल्या कायद्यावरचा त्यांचा प्रबंध १९३९ साली हेरास यांच्या संस्थेच्या ग्रंथमालेत पुस्तकरूपानं आला. एक मराठी तरुणी बौद्ध भिक्षूंच्या शिस्तीचे नियम अभ्यासते आणि ते छापून काढते एका कॅथलिक संन्याशानं उभारलेली संस्था. भिक्षूंच्या संघाचे नियम काय असतात याबद्दल संघात राहणाऱ्या माणसाला आस्था वाटावी हे स्वाभाविकच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपल्या धर्माबाहेरच्या एका संघाचा अभ्यास आपल्या भिंतींच्या आत व्हावा असं त्या माणसाला वाटलं. दुर्गाबाईंनी पुढे ‘ऋतुचक्र’मध्ये झाडं ज्या बारकाईनं पाहिली तिचा उगम कुठे हे मला सांगता येणार नाही. मात्र ज्या कॉलेजात त्या शिकल्या तिथे झाडाचं पान ठेवायलाही एक खोली होती, हे विसरता येत नाही.

हे कसं शक्य झालं? याचं उत्तर फार साधं आहे, आणि मला वाटतं आपण ते नेमकं चुकवतो. ते फादर तिथेच राहत होते. कॉलेजच्या आवारातच जेझुइटांचं निवासस्थान. तास संपला की त्यांना गाडी पकडायची नव्हती, घरी कोणी वाट पाहत नव्हतं, शिकवणी घ्यायची नव्हती. संध्याकाळी कोणी विद्यार्थी शंका घेऊन आला तर तो त्यांच्या दारातच आला. कौमार्य आणि दारिद्र्याची शपथ घेतलेल्या माणसांजवळ एक संपत्ती भरपूर होती, ती म्हणजे वेळ, आणि ती त्यांनी मुलांवर, पानांवर, नाण्यांवर, शिलालेखांवर सढळ हातानं खर्च केली. १५९९मध्ये जेझुइटांनी आपल्या शाळा-कॉलेजांसाठी जी शिक्षणपद्धती लिहून काढली तिच्यात पाठ घेणं हा एक भाग होता. उजळणी, वादविवाद, नाटक, शिक्षकाशी एकेकट्यानं बोलणं यांनाही जागा होती. यातलं बरंचसं तास संपल्यानंतरचं.

याची किंमत आपल्याकडे कोणी ओळखली असेल तर ती पुण्यातल्या तरुणांनी. १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा तिच्या आजीव सदस्यांनी थोड्या पगारावर राहायचं, सगळा वेळ संस्थेला द्यायचा आणि बाहेर कमाई करायची नाही, अशी कल्पना होती. या कल्पनेसाठी टिळकांनी उदाहरण वापरलं ते जेझुइटांचंच. आपण हिंदी जेझुइट व्हायला निघालो होतो आणि त्या तत्त्वापासून ढळलो, हा त्यांच्या १८९०च्या राजीनाम्यामागचा मुख्य आरोप होता. आगरकर, गोखले यांची बाजू वेगळी होती. संसारी माणसाला पोटापाण्याची सोय पाहावी लागते हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण वाद कशावर होता ते पाहा: शिक्षकाचा दिवसभराचा वेळ कोणाचा? टिळक-आगरकर म्हटलं की आपण आधी सुधारणा की आधी स्वातंत्र्य हे भांडण आठवतो. हे दुसरं भांडणही तेवढंच मोलाचं होतं. ते सुटलं नाही, नुसतं विस्मरणात गेलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि भाऊराव पाटलांनी साताऱ्यात काढली, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं की खेड्यातल्या पोराला वर्गात बसवून भागत नाही, त्याला राहायला जागा दिली पाहिजे.

आता डोंबिवलीच्या मुलाकडे येऊ. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, कल्याणहून आणखी पाचेक. फास्ट लोकल वेळेवर असली तर तास-सव्वा तास. सकाळच्या लेक्चरसाठी साडेपाचला उठायचं, डबा घ्यायचा, स्टेशनापर्यंत रिक्षा किंवा पायी, आणि मग त्या गर्दीत शिरायचं. सीएसएमटीला उतरून भुयारातून बाहेर पडलं की कामा हॉस्पिटल, किल्ला कोर्ट आणि मग ती दगडी कमानींची इमारत. तिथपर्यंत मूल पोचतं, वर्गात बसतं, चांगले मार्क मिळवतं. यातलं काही अवघड नाही. आपली मुलं चिवट आहेत. पण पाचनंतर डाउन गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून तीन-साडेतीनची गाडी धरायची. मुलगी असेल तर दिवेलागणीच्या आत घरी, ही आईची अट. मग होतं काय, की कॉलेज जेव्हा खऱ्या अर्थानं सुरू होतं तेव्हा आमचं मूल मस्जिद बंदर ओलांडत असतं.

चारनंतर तिथे काय चालतं? इंडियन म्युझिक ग्रुपच्या खोलीत कोणीतरी जुनं ध्वनिमुद्रण लावतं आणि त्यावर बोलतं. ऑगस्टमधल्या ‘मल्हार’ या कॉलेज महोत्सवाची तयारी जूनपासूनच मुलं करतात. पैसा उभा करण्यापासून मंडप बांधण्यापर्यंत सगळं त्यांचंच. अंध विद्यार्थ्यांसाठी २००३मध्ये सुरू झालेल्या केंद्रात कोणी पुस्तक वाचून देतं. क्वाडमध्ये, कँटीनमध्ये, जिन्यावर नुसतं बसणं चालतं. या नुसत्या बसण्यातच मुलाला पहिल्यांदा कळतं की आपल्याला अमुक एक गोष्ट आवडते, आणि ती आवड परीक्षेच्या कामाची नाही तरी सोडवत नाही. मुंबईकर मूल चालत किंवा दोन स्टेशनं ओलांडून घरी जातं, म्हणून त्याला हे मिळतं. आमच्या मुलाची त्यात गुणवत्ता कमी नसते, अंतर जास्त असतं. त्यात ते मराठी माध्यमातलं असलं तर इंग्रजी बोलायची भीड चेपायला जो वेळ लागतो तोही याच संध्याकाळींतून यायचा असतो. सेकंड इयर संपेपर्यंत ते चार शब्द बोलू लागतं आणि तोपर्यंत पुढच्या प्रवेशपरीक्षांची धावपळ सुरू झालेली असते.

लोकलच आमचं विद्यापीठ, असं इथले लोक कौतुकानं म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. गाडीत माणूस सोसायला शिकतो, जागा करून द्यायला शिकतो, आणि हे लहान धडे नाहीत. पण विचार करायला शरीर मोकळं लागतं. एका हातानं दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं पोटाशी बॅग धरून माणूस फार तर मोबाइलवर नोट्स वाचेल. वाद घालायला, एखाद्या वाक्यापाशी अडायला, ऐकलेल्या गोष्टीवर तासभर गप्प बसायला तिथे वाव नाही. रोजचे अडीच तास गेले की जो थकवा येतो त्याला शिक्षण म्हणणं हे आपल्या मुलांवर अन्यायाचं आहे.

आणि झेवियर्सही पूर्वीचं राहिलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. फादर कमी झाले. आता शिकवणारे बहुतेक संसारी आहेत, मुलुंडला, ठाण्याला, वसईला राहणारे. त्यांनाही परतीची गाडी आहे. कॉलेजनं आपल्या परीनं मार्ग काढला आहे. पदवीसाठी ६० तासांचं समाजकार्य सक्तीचं केलं आहे, म्हणजे आश्रमशाळा, इस्पितळ, वस्ती अशा ठिकाणी मुलानं वेळ घालवावा. ते चांगलंच आहे. सक्तीनं का होईना, मूल स्वतःच्या वर्तुळाबाहेर जातं. पण तास मोजले की त्यांची नोंद होते, नोंद झाली की श्रेयांक होतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर तर पदवीचा सगळा हिशेबच श्रेयांकांत मांडला जातो. जे मोजता येतं ते वाढेल. हेरास यांच्या खोलीत दुर्गाबाई किती वेळ बसल्या याची कुठे नोंद नाही.

मग आपल्या गावातच शिकावं, प्रवासच नको, असं म्हणता येईल. तसं म्हणणारे पालक वाढले आहेत आणि ते योग्यच आहे. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळ १९३५पासून काम करतं आहे, कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२पासून आहे, डोंबिवलीत पेंढरकर आहे, मॉडेल आहे. विद्यापीठाची उपकेंद्रं ठाण्यात आणि कल्याणात आली. शिकवणारे तळमळीचे आहेत हे मी जवळून पाहिलं आहे. पण आपल्या भागातल्या बऱ्याच कॉलेजांच्या इमारती पाळ्यांमध्ये चालतात. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी, मधल्या वेळात परीक्षा केंद्र. पहिल्यांना उठवल्याशिवाय दुसऱ्यांना बसवता येत नाही. शेवटचा तास संपला की शिपाई किल्ल्या घेऊन उभा. मुलं मग रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी, मॉलच्या पायऱ्यांवर, नाहीतर क्लासला. प्रवासाचे अडीच तास वाचले तरी थांबायला जागा नाही ती नाहीच.

थांबायची भूक मात्र आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जे हजारो तरुण नटूनथटून जमतात ते कशासाठी? गणपतीचं दर्शन होतं, फोटो होतात. पण मुख्य म्हणजे कोणतंही काम नसताना एकमेकांसोबत उभं राहता येतं. वर्षातली एक सकाळ. त्या गर्दीला नावं ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी हेच सांगतो, की या मुलांना आपण दुसरी जागा दिली आहे का?

जागा नाहीतच असंही नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, म्हणजे सेंट झेवियर्सपेक्षा पाच वर्षांनी वडील. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ही गावं मुंबईची शयनगृहं होण्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी वर्गणी काढून पुस्तकं जमवली होती आणि संध्याकाळी दिवा लावून ती वाचली होती. आपल्या भागाला विद्येची परंपरा बाहेरून आणायची गरज नाही. वेळ देणारी माणसं आणि उघडं दार, एवढंच झेवियर्सकडून शिकायचं आहे.

म्हणून संस्थाचालकांना माझी विनंती आहे. नवी इमारत, नवा अभ्यासक्रम, नवं मानांकन हे सगळं सावकाश करा. आधी आहे त्या कॉलेजचं ग्रंथालय आणि एक मोठी खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. तिथे रोज एक शिक्षक बसेल अशी पाळी लावा, त्या कामाचे पैसे त्याला द्या, आणि त्यानं तिथे काय शिकवलं याचा अहवाल मागू नका. कल्याणच्या आणि ठाण्याच्या वाचनालयांशी बोला. कॉलेजच्या मुलांना तिथे बसू द्या, बोलू द्या. आणि ज्या आईवडिलांची मुलं रोज मुंबईला जातात त्यांना एवढंच सांगणं: आठवड्यातून एक दिवस त्यांना उशिरा यायची मुभा द्या. साडेतीनची गाडी सुटली तर सुटू द्या, नऊची असते.